दाराला लावलेला वरवंटा

फोन आला तेव्हा मी स्वारगेटला बसची वाट बघत उभा होतो. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक महत्त्वाच्या बातम्या मला बसस्टॉपवरच कळलेल्या आहेत, स्वतःचं लग्न ठरल्याचीसुद्धा. फोनवर खडकीचे थोरातसाहेब होते. थोरातसाहेब म्हणजे आमच्या चर्चच्या पंचमंडळातले सगळ्यांत जुने पंच, दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर यंत्रांच्या वर आवाज चढवून बोलल्यामुळे त्यांचा फोन कानापासून हातभर लांब धरून ऐकायचा, अशी आमच्या घरात पद्धतच पडून गेली आहे. त्या दिवशी मात्र मला तो कानाशी दाबून धरावा लागला. "शमू, बाई गेल्या रे," ते म्हणाले. "पहाटे. झोपेतच." मी म्हणालो, "बरं." एवढंच. घराण्यातला गोष्टीवेल्हाळ माणूस अशी माझी ख्याती. बाप्तिस्म्यापासून दफनापर्यंत कुठल्याही प्रसंगी मला उभं करा, लोक घड्याळाकडे बघायला लागेपर्यंत मी बोलू शकतो. आणि नेमकं तिथे माझ्या तोंडून निघालं, "बरं." मग समोर जी बस आली तीत मी चढलो. पुलगेट मागे गेल्यावर लक्षात आलं की ही हडपसरची आहे. खडकी राहिली पार दुसरीकडे.

बाई म्हणजे माझी आत्या, एस्तेर आढाव. वडिलांची सगळ्यांत धाकटी बहीण. घरात आम्हा भाचरांची एस्तेरआत्या, आणि उरलेल्या खडकीची आढावबाई. चर्चच्या मागच्या आवारात एक मराठी शाळा आहे, बैठी, कौलारू, पहिली ते सातवी. त्या शाळेत ती आधी शिक्षिका होती आणि मग निवृत्त होईपर्यंत मुख्याध्यापिका. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं, आणि आमच्या नात्यात हा प्रश्न विचारल्याशिवाय चहाचा कप खाली ठेवत नाहीत, तर ती शांतपणे सांगायची, "तपासणी जवळ आली होती." ऐकणारा हसायचा. ती हसायची नाही.

तिचं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक मोरी. दफनानंतरच्या आठवड्यात मी आणि माझी बायको निर्मला ते आवरायला गेलो. आवरायला फार नव्हतंच. एकट्या माणसाच्या घरात प्रत्येक वस्तू एकेकच असते, हे तिथे पहिल्यांदा नजरेत भरलं. एक उशी, एक छत्री, एक चहाचं भांडं, तेही अर्ध्या कपाची खूण पडलेलं. ओट्याखाली निर्मलाला पाटा सापडला. चांगला काळ्या दगडाचा, माझ्या आजीचा, टाकी लावलेला. निर्मला खूश झाली. मग ती वरवंटा शोधायला लागली. मोरीत पाहिलं, कपाटामागे पाहिलं, पलंगाखाली पाहिलं. "पाटा आहे आणि वरवंटा नाही, असं कसं होईल?" ती म्हणाली. "वरवंटा का कुणी उसना मागून नेतं?" मी गप्प राहिलो. मी गप्प राहिलो की निर्मलाला लगेच संशय येतो, कारण तसं सहसा घडत नाही. वरवंटा कुठे आहे हे मला माहीत होतं. पण ते सांगायचं तर बरंच मागे जावं लागतं.

त्या शाळेत येणारी बहुतेक मुलं आमच्या धर्माची नव्हतीच कधी. कारखान्यातल्या कामगारांची, क्वार्टरांमधली, वऱ्हाडातून नि मराठवाड्यातून पोटामागे आलेल्या घरांची. फी नावापुरती, शाळा जवळ, आणि बाई मारत नाहीत अशी कीर्ती. सकाळी शाळा भरली की सगळी मुलं हॉलमध्ये रांगा करून उभी राहायची, राष्ट्रगीत व्हायचं, प्रतिज्ञा व्हायची, आणि मग प्रभूची प्रार्थना. ती शाळेच्या जन्मापासूनची. आता, सरकारनं मान्यता दिलेल्या शाळेत कुणाही मुलाला पालकांच्या संमतीशिवाय प्रार्थनेला किंवा धर्माच्या तासाला बसवता येत नाही, हे घटनेतच लिहिलेलं आहे. आमच्यासारख्या शाळांची मान्यता या एका वाक्यावर उभी असते म्हणा ना. बाकी मग स्वच्छतागृहं, खेळाचं मैदान, चाकाच्या खुर्चीसाठी उतरती फरशी, प्रशिक्षित शिक्षक, इमारत पडणार नाही असा इंजिनिअरचा दाखला, हे सगळं असतंच. आणि मान्यता एकदा मिळाली, काचेत घालून लावली, असं होत नाही. दर काही वर्षांनी ती पुन्हा मिळवावी लागते, जणू तुम्ही काल उगवलात. शिवाय अल्पसंख्याकांची शाळा म्हणून वेगळा दाखला, तो वेगळ्या कचेरीत. आत्या म्हणायची, "एका टेबलावर जाऊन सांगायचं, आम्ही ख्रिस्ती आहोत. दुसऱ्या टेबलावर जाऊन सांगायचं, आम्ही कुणाला ख्रिस्ती व्हा म्हणत नाही. दोन्ही खरं आहे, म्हणून मला जड जात नाही. फक्त रिक्षाला पैसे फार जातात."

ती मुख्याध्यापिका झाली त्या वर्षीची गोष्ट. ही तिनं मला सांगितलेली नाही. ती स्वतःबद्दल काही सांगत नसे, म्हणून तर घराण्याला माझ्यासारखा माणूस पोसावा लागला. मला सांगितली शाळेच्या शिपाई हिराबाईंनी. यवतमाळकडून आलेल्या एका घरातली मुलगी दुसरीत होती. तिच्या वडिलांनी लिहून दिलं की आमच्या मुलीला प्रार्थनेला उभं करू नका. आधीचे मुख्याध्यापक कायद्याला धरून वागणारे. त्यांनी प्रार्थना सुरू झाली की तिला मागच्या दारानं व्हरांड्यात पाठवायचं ठरवून टाकलं. कायदा पाळला गेला. पण त्या शाळेत व्हरांड्यात उभं राहणं म्हणजे शिक्षा, हे पहिलीच्या पोरालाही माहीत. गृहपाठ नाही, व्हरांडा. मारामारी केली, व्हरांडा. त्यामुळे ती पोरगी रोज सकाळी शिक्षा भोगल्यासारखी मान खाली घालून उभी, आणि आत सगळी शाळा एका सुरात प्रार्थना म्हणतेय. त्यात ते मागचं दार. हॉलची जमीन एका बाजूला खचलेली, म्हणून ते दार उघडलं की आपणहून हळूहळू यायचं आणि लागायचं. म्हणजे ती बाहेर, आणि दारही बंद.

आत्यानं पहिल्या दिवशी व्यासपीठावरून हे पाहिलं. राष्ट्रगीत संपलं, प्रतिज्ञा संपली, आणि प्रार्थना सुरू व्हायच्या वेळी ती खाली उतरली, मुलांच्या रांगांमधून चालत मागे गेली आणि त्या मुलीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. पाठोपाठ दार लागायला आलं, ते तिनं पायानं अडवून धरलं. हिराबाई म्हणाल्या, "मी इचारलं, बाई, काय झालं? त्या म्हणाल्या, काही नाही, मी हिथं उभी राहिले की ती शिक्षा राहत नाही." दुसऱ्या दिवशी येताना तिनं पिशवीतून घरचा वरवंटा आणला आणि दाराला लावला. पाय किती दिवस धरणार. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत, मिशनच्या त्या शाळेची मुख्याध्यापिका रोजच्या प्रार्थनेला हॉलमध्ये कधी नव्हती. व्हरांड्यात एखादंच मूल असायचं, कधी चार-पाच असायची, एखाद्या वर्षी एकही नसायचं. तरी ती बाहेरच. "आणि कुणाला मधेच यावंसं वाटलं तर?" ती म्हणायची. ती तिथे प्रार्थना पुटपुटतसुद्धा नसे. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "मी ओठ हलवले तर त्या पोराला वाटेल की बाई पण त्याच बाजूच्या." मी म्हटलं, "पण आहेसच की तू." ती म्हणाली, "म्हणूनच."

मला ही गोष्ट फार आवडायची आणि मी ती सगळ्यांना सांगत सुटायचो, थोडं तिखटमीठ लावून. माझ्या आवृत्तीत बाहेर पाऊस असायचा, आत्याच्या हातात छत्री असायची, आणि वरवंटा गाळून दार शेवटपर्यंत तिनं पायानंच अडवलेलं असायचं. पण आमच्या लोकांना ती आवडत नसे, तिखटमीठ वगळूनही. चर्चमध्ये कुजबूज सुरू झाली. बाईंचा विश्वास थंडावला. बाई सरकारला घाबरतात. थोरातसाहेब तेव्हा शाळेच्या व्यवस्थापक मंडळाचे सचिव होते. ते एकदा घरी आले, मी तिथेच होतो, पोहे खात. ते म्हणाले, "बाई, आपल्या वाडवडिलांनी ही शाळा कशासाठी काढली? आणि तुम्हीच प्रार्थनेच्या वेळी बाहेर?"

"मी बाहेर नसते, थोरातसाहेब. मी व्हरांड्यात असते. व्हरांडा शाळेचाच आहे."

"शब्दात पकडू नका."

"पकडत नाही. तुम्ही पोहे घ्या."

त्यांनी पोहे घेतले नाहीत. आमच्यात एखाद्यानं पोहे घेतले नाहीत म्हणजे प्रकरण गंभीर. त्यानंतर रविवारच्या उपासनेत आत्याला कधी कुणी शास्त्रवाचनाला बोलावलं नाही. ख्रिसमसच्या नाटुकल्यात मुलं बसवायला बोलावलं नाही. तिनं तक्रार केली नाही. फक्त ती बसायची ती जागा हळूहळू मागे सरकत गेली, आणि एके दिवशी ती अगदी शेवटच्या बाकाच्या दाराकडच्या टोकाला पोचली. ती तिथेच राहिली. मी विचारायचो, "पुढे ये ना आमच्यात." ती म्हणायची, "इथे वारा येतो."

मग ते तक्रारीचं वर्ष आलं. मान्यतेच्या नूतनीकरणाची तपासणी व्हायची होती आणि त्याच सुमाराला कुणीतरी शिक्षण खात्याकडे लिहून कळवलं की या शाळेत मुलांवर प्रार्थनेची सक्ती होते. कुणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मंडळ हादरलं. मान्यता गेली तर शाळा बंद, मुलं वाऱ्यावर, आणि ती जागा कुणाच्या डोळ्यांत आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांचं एकमत झालं की धार्मिक दिसेल असं काही ठेवायचं नाही. रविवारी उपासना आटोपल्यावर थोरातसाहेब आणि दोघेजण शाळेत गेले, भिंतींवरची बायबलच्या वचनांची पाटी न पाटी उतरवली आणि ग्रंथांच्या कपाटात घातली. हॉलमधला लाकडी क्रूस मात्र भिंतीत पक्का बसवलेला, निघेना. जास्त ओढला तेव्हा पोपडे पडले. मग त्यांनी भूगोलाच्या तासाचा महाराष्ट्राचा मोठा नकाशा आणून त्याच्यावर टांगला. उंचीला बरोबर बसला. पण क्रूसाचे हात रुंद. एक हात कोकणातून बाहेर येऊन अरबी समुद्रात, आणि दुसरा गडचिरोलीच्या पलीकडे. कुठूनही बघा, आख्खा महाराष्ट्र क्रूसावर चढवलेला.

सोमवारी सकाळी आत्यानं ते बघितलं. ती हसली नाही, याचं मला अजून नवल वाटतं. तिनं हिराबाईंना स्टूल आणायला सांगितलं, स्वतः चढली आणि नकाशा उतरवला. थोरातसाहेब धावत आले. त्यांचा आवाज पार रस्त्यावर ऐकू गेला. "बाई, शाळा बुडवताय."

"कुणाची?" आत्यानं विचारलं.

"म्हणजे काय कुणाची? आपली."

"मग आपली दिसू दे की. आपण कोण आहोत हे लपवून मान्यता मिळाली, तर ती मिळाली कुणाला? या नकाशाला." आणि मग, हे हिराबाईंनी दोनदा सांगितलं, ती खाली उतरून हळू म्हणाली, "भिंतीवर काय आहे ते नाही बघत हो कुणी. दार उघडं आहे का बघतात."

थोरातसाहेब म्हणाले, "आणि नाही मिळाली तर? जबाबदार कोण?"

"मी आहे ना मुख्याध्यापिका."

आता यात माझा वाटा. शाळेचं अग्निशामक यंत्र भरून घ्यायचं होतं आणि ते काम मी आपणहून अंगावर घेतलं होतं, कारण बिबवेवाडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशीच तसलं दुकान आहे. दुकानदारानं "उद्या देतो" म्हणत तपासणीचाच दिवस उजाडवला. सकाळी मी ते लाल धूड कडेवर घेऊन बसमध्ये चढलो. स्वारगेटला बस बदलली. दुसऱ्या बसचा कंडक्टर अस्सल पुणेरी. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सिलिंडरकडे पाहिलं आणि विचारलं, "याचं वय काय?" मी म्हटलं, "अहो, आग विझवायचं आहे." तो म्हणाला, "ते दिसतंय. पाच वर्षांवरचं असेल तर अर्धं पडेल." बसभर खसखस पिकली. मी अर्धं तिकीट काढलं. काढायला नको होतं हे शिवाजीनगरला उतरणाऱ्या एका आजींनी जाता जाता सांगितलं.

खडकीला पोचलो तेव्हा शाळा भरलेली होती. पुढचं फाटक तपासणीसाठी रंगवून ठेवलेलं, ओलं, म्हणून मी मागच्या बाजूनं गेलो. माझ्या पुढे एक बाई त्याच वाटेनं चालल्या होत्या, खांद्याला कापडी पिशवी, साधी सुती साडी. त्यांनाही ओल्या फाटकानं मागे धाडलं असावं. व्हरांड्यात आत्या उभी. तिच्याजवळ तीन मुलं. दाराला वरवंटा. आत प्रार्थना नुकती सुरू झालेली. त्या बाईंनी आत्याला विचारलं, "मुख्याध्यापिका कुठे भेटतील?"

"मीच. जरा थांबता का? आत प्रार्थना चालू आहे."

"मग तुम्ही इथे कशा?"

आत्या म्हणाली, "ही मुलं इथे आहेत."  पिशवीतून त्यांनी चश्मा काढून लावला, तेव्हा मला कळलं की ह्याच अधिकारी मॅडम. मी सिलिंडर कडेवर घेऊन खांबाआड झालो. त्यांनी आत पाहिलं, रांगा पाहिल्या, भिंतीवरचा क्रूस पाहिला आणि त्याच्याभोवतीचे पोपडेही. मग खाली बघून विचारलं, "हा वरवंटा?"

"दार आपोआप लागतं."

"बिजागरी दुरुस्त करून घ्यायची."

"जमीनच खचलीय. बिजागरीचा दोष नाही."

मॅडम मुलांकडे वळल्या. त्यातली एक चौथीतली मुलगी होती, दोन वेण्यांची, सगळ्यांत पुढे. तिला त्यांनी विचारलं, "तुम्हाला इथे कुणी उभं केलंय?"  शाळेची सगळी वर्षं, थोरातसाहेबांचा रागलोभ, आत्याची नोकरी, सगळं येऊन त्या पोरीच्या जिभेवर बसलं होतं. आणि आत्यानं तिला काही शिकवून ठेवलेलं नव्हतं, हे मला आत्याचा चेहरा बघूनच कळत होतं. मुलगी म्हणाली, "कुणी नाही."

"मग?"

"बाई इथे एकट्याच असतात रोज. त्यांना एकटं वाटतं, म्हणून आम्ही थांबतो."

मी आत्याकडे पाहिलं. कितीतरी वर्षं मी त्या चेहऱ्याच्या नकला करून नातेवाइकांना हसवत आलो होतो, पण तेव्हाचा तो चेहरा मला आजतागायत करता आलेला नाही. ती समोरच्या मैदानाकडे बघत राहिली. तिला वाटत होतं की ती मुलांना सोबत करतेय. आणि मुलं, वर्षानुवर्षं एकमेकांना सांगत आलेली असणार, की बाईंना सोबत करायची असते... आत "आमेन" झालं. मॅडमनी चश्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या, "चला, स्वच्छतागृहं बघू." मग खांबाकडे न बघताच, "आणि ते यंत्र आणलंय ते टांगा आता. किती वेळ लपवणार."

मान्यता मिळाली. शेरे होते: पिण्याच्या पाण्याचे नळ लहान मुलांच्या मानानं उंच, आणि चाकाच्या खुर्चीसाठी केलेल्या उताराचा कोन जास्त. व्हरांड्याबद्दल चकार शब्द नव्हता. थोरातसाहेबांनी मंडळाच्या सभेत पेढे वाटले, आत्याच्या हातावर पेढा ठेवला आणि पुढे गेले. चर्चमधली कुजबूज काही थांबली नाही. फक्त तिची सवय झाली. विश्वास थंडावल्याचं म्हणायचे ते आता "बाईंचं आपलं वेगळं असतं" म्हणायला लागले. आमच्याकडे ही बढती समजतात.

निवृत्तीनंतर ती त्या दोन खोल्यांत राहिली. आमच्याकडे बिबवेवाडीला ये म्हटलं तर दोन दिवस यायची आणि तिसऱ्या दिवशी पिशवी भरायची. एकदा माझ्या ऑफिसातला जोशी जेवायला आला होता. जेवणाआधी आम्ही डोळे मिटून प्रार्थना करतो. मी जरा लांबवतोच, ऐकणारा नवा असला की. मधेच माझा एक डोळा उघडला, तर जोशी अवघडून आपल्या ताटाकडे बघतोय, आणि आत्या डोळे सताड उघडे ठेवून त्याच्याकडे बघत हळूच विचारतेय, "आमटी तिखट चालते ना तुम्हाला?" जोशी अजून विचारतो, तुझी आत्या कशी आहे. परवाही विचारलं त्यानं. मी म्हटलं, बरी आहे... मग पुढे सांगितलं.

शेवटच्या वर्षी तिचं चालणं कमी झालं. मी दर रविवारी जायचो म्हणतो, पण खरं म्हणजे जमेल तेव्हा जायचो. निघताना मी दार ओढून घ्यायला लागलो की ती आतून म्हणायची, "असू दे, लोटू नकोस." कुणी येणार असायचं असं नाही. तिच्याकडे फारसं कुणी येत नसे. संध्याकाळी ती दाराशी खुर्ची ओढून बसायची आणि जिन्यावरून जाणारी-येणारी माणसं बघायची. मी जिना उतरून खाली आल्यावर वर बघायचो तर दाराची फट तेवढी उजेडाची दिसायची. माझ्यासारख्या बडबड्या माणसाला तिच्यापाशी बोलायला काही सुचत नसे, आणि तिला ते चालत असे. दोघं गप्प बसून चहा प्यायचो, ती अर्धा कप आणि मी उरलेला. आता माझ्या लक्षात येतं की माझं न बोलणं सहन करणारं ते एकच घर होतं.

दफनाच्या दिवशी चर्च भरलं नाही. आमची माणसं पुढच्या बाकांवर मावली. पण बाहेर आवारात माणसं होती, बरीच. तिचे विद्यार्थी, मोठे झालेले. रिक्षावाले, एक वकीलबाई, युनिफॉर्ममधला एक सुरक्षारक्षक, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. कुणी गंध लावलेलं, कुणी टोपी घातलेला, कुणाच्या हातात झेंडूचा हार. आत यायचं की नाही, चपला काढायच्या की नाही, हे न कळून सगळे पायऱ्यांपाशी घोटाळत उभे. पाळकसाहेबांनी प्रार्थनेला सुरुवात केली. मी पहिल्या बाकावर मान खाली घालून होतो, तेवढ्यात काठीचा आवाज आला. टक, टक, मधल्या वाटेनं मागे जाणारा. मी वळून पाहिलं. थोरातसाहेब. काठी टेकत ते शेवटच्या बाकापर्यंत गेले, तिथून दारापर्यंत गेले, दार पूर्ण उघडलं आणि बाहेर जाऊन त्या माणसांच्यात उभे राहिले. प्रार्थना संपेपर्यंत ते तिथेच होते. त्यांचे ओठ हलत नव्हते. नंतर कबरीपाशी मला म्हणाले, "गुडघे दुखतात, आत कोंदट होतं." त्यांच्या मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

तर वरवंटा. निर्मलाला मी अखेर सांगितलं, आणि ती म्हणाली, "मग घेऊन या की. आजीची जोडी आहे, तोडायची नाही." म्हणून गेल्या आठवड्यात मी शाळेत गेलो. फाटक आता आपोआप सरकणारं आहे, पण मी सवयीनं मागूनच गेलो. हल्लीच्या मुख्याध्यापिका जाधवमॅडम तरुण आहेत, लगबगीच्या. त्या म्हणाल्या, "अहो सर, न्या ना, तुमचाच आहे. तसंही पुढच्या महिन्यात तपासणी आहे, आम्ही चुंबकाचा स्टॉपर बसवतोय."

मी विचारलं, "दार ठेवता उघडं अजून?"

"ठेवतो तर. सुरुवातीपासूनचं आहे ना ते. आता बाहेर कुणी येत नाही म्हणा, सगळेच म्हणतात प्रार्थना. पण ठेवतो." घंटा झाली आणि त्या आत गेल्या.

व्हरांड्यात मी एकटाच. फरशीवर, खांबाच्या जरा अलीकडे, उजेड पडला होता. राष्ट्रगीत झालं, मी ताठ उभा राहिलो. प्रतिज्ञा झाली. प्रार्थना सुरू झाली तेव्हा म्हटलं, आता उचलावा आणि निघावं, कुणाच्या लक्षात यायच्या आत. वाकून वरवंटा उचलला. वाटला होता त्यापेक्षा जड निघाला. एका अंगाला दाराच्या फळीनं घासून घासून गुळगुळीत झालेला, तिथे मसाल्याचा नाही तर जुन्या रंगाचा वास. मी तो छातीशी धरून उभा होतो, आणि दार हळूहळू यायला लागलं. कुणी ढकललं नाही. सावकाश, समजूतदार माणसासारखं ते आलं आणि लागलं. आतला आवाज बदलला. मला पाठ असलेली, बोलायला लागायच्या आधीपासून ऐकलेली प्रार्थना भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडातल्या रेडिओसारखी यायला लागली. शब्द कळेनात. मी त्या आतल्यांपैकीच, पन्नाशी उलटलेला, दोन मुलांचा बाप, आणि मला तिथे असं वाटलं की माझं काहीतरी चुकलंय आणि ते काय ते मला कुणी सांगत नाही.

दार ढकलून मी वरवंटा होता तिथे ठेवला. आत दोन-तीन मुलांनी मान वळवून बघितलं आणि पुन्हा पुढे केली. मग मी तिथेच थांबलो, प्रार्थना संपेपर्यंत. आमेन म्हणायचं की नाही, ठरेना. आत्या काय करायची ते मला माहीत होतं. मी ओठ मिटून ठेवले. जाधवमॅडमना जाताना सांगितलं, स्टॉपर पुढच्या दाराला लावा, तिथेही लागतोच.

घरी निर्मलानं माझ्या रिकाम्या पिशवीकडे पाहिलं आणि ती घडी करून ठेवून दिली. पाटा आमच्या बाल्कनीत आहे, भिंतीला टेकवून ठेवलेला. आमच्याकडे चटणी मिक्सरवर होते. मिक्सर सुरू झाला की मी चहाचा कप घेऊन बाल्कनीत जाऊन उभा राहतो, काही न बोलता. परवा निर्मलानं विचारलं, रोज तिथे काय करता. मी म्हटलं, त्याला एकटं वाटत असेल, म्हणून थांबतो. तिनं मिक्सर बंद केला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पाट्याला?"